बैल कुणाचा धुतला?

माणसाच्या तोंडावर भरवसा ठेवू नये, त्याच्या रक्तावर ठेवावा, असं मानणारा अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि नेमका तोच माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रक्त तपासणारे डॉक्टर. वडवणीत बसस्टँडच्या मागल्या गल्लीत त्यांची लॅब आहे. इतर डॉक्टर आधी विचारतात आणि मग तपासतात. साडू आधी तपासतात आणि मग विचारतात, आणि विचारतात तेही भलतंच. पेशंटनं "डॉक्टरसाहेब, परवापासून अंग लई..." अशी सुरुवात केली की ते हात वर करून त्याला थांबवतात. "तुमी गप ऱ्हावा. तुमचं रगत बोलंल." एकदा एका सुनेचं रक्त बघून ते बाहेर आले आणि तिच्या सासूसमोरच म्हणाले, "पाटीवरची पेन्सिल कोण खातंय?" सून लाजेनं अर्धी झाली, कारण ती खरंच चोरून पेन्सिली खात होती. रक्तातलं लोह कमी झालं की बायकांना माती, पेन्सिल असं काहीबाही खावंसं वाटतं, हे त्यांनी नंतर समजावून सांगितलं. पण तोवर सासूनं घरातल्या सगळ्या पाट्या जप्त करायचं ठरवून टाकलं होतं.

पंचक्रोशीत त्यांना 'रगताचे डॉक्टर' म्हणतात. माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, ते मात्र पहिल्यापासून त्यांना 'तुझा तो ढेकूण' म्हणत आले. त्याला कारणही तसंच घडलं होतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत साडूंनी ओळखपाळख व्हायच्या आत दादांची पापणी खाली ओढून पाहिली होती आणि चार लोकांत "रगत कमी हाय" असा निकाल दिला होता. दादा म्हणजे तालमीत घुमलेला गडी. त्यांना कुणी सासरच्या गोतावळ्यातला माणूस रक्त कमी आहे म्हणतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर साडू घरी आले की दादा वावरात जायचे, आणि साडूंना त्याचा पत्ताही नसायचा. कोण रागावलंय हे रक्तात दिसत नाही ना.

माणसांची नावं साडूंच्या लक्षात राहत नाहीत, रक्त राहतं. एका लग्नात नवरीचा मामा तिच्या पाठीशी उभा होता, अंतरपाट धरलेला होता आणि हे अक्षता घेऊन पुढं सरकले. मामाला बघताच यांचा चेहरा खुलला. "अरे! मागच्या सालचे इओसिनोफिल तुमीच न्हवं? काय पाव्हणं, पडले का जंत?" मंगलाष्टकाचं एक कडवं चुकलं त्या दिवशी. मेहुणीनं घरी आल्यावर त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तर ते निरागसपणे म्हणाले, "अगं, जंत झाले की रगतात त्या पेशी वाढतेत. त्याचे गेले का न्हाई, हे कळायला नको का?" यात खवचटपणा नावालाही नव्हता. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. जगात इतक्या गोष्टी कळायच्या राहिल्यात आणि लोक खुशाल जेवणावळीत बसतात, याचं त्यांना मनापासून नवल वाटतं.

लॅबमध्ये रक्त मोजायचं मशीन आहे, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ते मोजतंय. बघत न्हाई," असं म्हणून ते प्रत्येक रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. तो मायक्रोस्कोप आणि त्याच्यापुढचं स्टूल यांना दुसऱ्या माणसाचा विटाळ चालत नाही. मेहुणी म्हणते, "आमच्या देव्हाऱ्याला एवढं सोवळं न्हाई." स्वतःच्या लग्नातला शेला फाडून त्यांनी त्याचं झाकण शिवलंय. मी पडलो चित्रकलेचा शिक्षक. लॅबच्या भिंतीवर लावायला रक्तपेशींची मोठी चित्रं काढून द्या, असं त्यांनी मला फर्मावलं तेव्हा मला वाटलं, आता तरी आत डोकावायला मिळणार. कसलं काय! ते स्टुलावर बसून बघायचे आणि तोंडानं सांगायचे, मी शेजारी उभा राहून ऐकीव काढायचो. फरार आरोपीचं चित्र पोलीस काढून घेतात तशातला प्रकार. "न्यूट्रोफिल काढा. पांढरी पेशी, पोटात शेंगदाण्याचे तीन-चार दाणे, एकमेकांना धाग्यानं बांधलेले. हां. आता त्याचं पोरगं काढा. कच्चं हाय, दाणे सुटे झाले न्हाईत. वाकडं, बैलाच्या खुराला मारतेत त्या पत्रीवानी." मी पत्री काढली. ती इतकी हुबेहूब आली की एक शेतकरी रिपोर्ट घ्यायला आला तो, इथं बैलांना पत्र्या मारून मिळतात का, असं विचारून गेला.

पावसाळ्याच्या शेवटी आमच्याकडं तापाची साथ आली की साडूंच्या संतापाचा हंगाम सुरू होतो. कुणालाही ताप आला की नातेवाईक एकच विचारतात, पेशी किती? आणि पेशी म्हणजे फक्त प्लेटलेट. त्या कमी दिसल्या की डेंग्यू ठरला, मग घरात पपईच्या पानांचा रस कुटायला सुरुवात. "रिपोर्टवर अख्खी पंगत बसलीय आन तुमी एकाच पाव्हण्याला वाढताय," असं साडू ओरडतात. लॅबच्या अंगणात पपईचं एक झाड आहे, त्याला हंगामात एक पान शिल्लक राहत नाही. ओरडा खाऊन बाहेर पडणारी माणसंच जाताना पानं तोडून नेतात. साडू खिडकीतून बघतात, आणखी चिडतात आणि पुढच्या वर्षी शेजारी दुसरं झाड लावतात.

पण त्यांचा खरा जीव अडकलेला असतो तो पोळ्यानंतरच्या तापात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलांना तळ्यावर, ओढ्यावर नेऊन घासून धुतात, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे सगळं होईस्तोवर गडी अनवाणी, टाचांना भेगा, कमरेइतक्या गढूळ पाण्यात उभा असतो. त्याच पाण्यात जनावरं मुततात, त्याच्या काठावर उंदीर-घुशी नांदतात, आणि त्या मुतातून एक जंतू पाण्यात उतरून भेगेतून माणसाच्या अंगात शिरतो. त्या तापाचं नाव लेप्टोस्पायरोसिस. साडूंना हे नाव घ्यायला आवडतं, लोकांना ऐकायला आवडत नाही. दरवर्षी पोळ्याआधीच्या बाजारात साडू गोंडे, झुली आणि घुंगरमाळा विकणाऱ्यांच्या रांगेत पायात गुडघ्याएवढे रबरी बूट घालून उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आदी पाय दावा" म्हणतात. लोक पाय दाखवतात, सगळं ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "बुटाची जोडी केवढ्याला?"

आता दादांची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळंच मला हा माणूस थोडाफार कळला. दादांनी ट्रॅक्टर घेतला त्या वर्षी बैलजोडी विकली. त्यातला चांद्या घरच्या गाईचा, कपाळावर पांढरा टिकला असलेला. तो लिंबागणेशकडच्या एका शेतकऱ्याच्या दावणीला गेला. वहिनींनी गोठ्याकडचं दार लावून घेतलं, पुतण्या उपाशी झोपला, आणि दादा ओसरीवर पाय पसरून म्हणाले, "जनावर हाय ते, जावई न्हाई. गेलं, झंजट मिटली." पुढच्या पोळ्याला घरात मातीचे बैल पुजले. दादांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पोळा होऊन आठवडा-दीड आठवडा झाला असेल, दादांना ताप भरला. डोकं फुटायला आलं, डोळे लालबुंद, आणि पोटऱ्यांना हात लावू देईनात. गावातल्या तरुण डॉक्टरनं रक्त साडूंच्या लॅबला पाठवलं. प्लेटलेट कमी निघाल्या. झालं, घरात पपईचा रस सुरू. दोन दिवसांनी डोळ्यांच्या लाल रंगात पिवळा मिसळला, तशी वहिनींच्या माहेरच्यांनी कावीळ ठरवली. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणारा एक जण त्यांच्या माहितीत होता. पाणी पिवळं होतं म्हणजे कावीळ उतरते, असा त्यांचा ठाम विश्वास. तरुण डॉक्टर बीडला न्या म्हणत होता, आणि दादा तापातसुद्धा म्हणत होते, "मला चुन्याकडं न्या. त्या ढेकणाला आनखी रगत पाजायचं न्हाई मला."

त्या दिवशी साडूंनी मला शाळेतून बोलावून घेतलं. मी गेलो तर ते स्टुलावर बसलेले, डोळा मायक्रोस्कोपवरच. मान न वळवता म्हणाले, "मास्तर, हे डेंग्यूचं रगत वाटत न्हाई. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुतेक करून घटतेत. हितं वाढल्यात. न्यूट्रोफिलची ही गर्दी! आन तुमचे ते पत्रीवाले बी आलेत. जवान कमी पडायलेत म्हनून शरीरानं कच्ची पोरं लढाईला धाडलीत. कुन्या तरी जंतूसंगं झुंज चाललीय." मी म्हणालो, मग तुमचा तो पोळ्याचा ताप तर नाही? ते म्हणाले, त्याची तपासणी केली, ती नाही म्हणते. पण इतक्या लवकर ती नाहीच म्हणणार. जंतूवरची हत्यारं रक्तात तयार व्हायला दिवस लागतात आणि ही तपासणी नेमकी ती हत्यारं शोधते. दुसऱ्या आजारांतसुद्धा रक्त असं दिसू शकतं. "मला फकस्त येक कळायला पायजे. दादा कोनच्या पान्यात हुबे ऱ्हायले होते?" मी ठामपणे सांगितलं की कुठल्याच नाही. पाऊस नाही, वावर कोरडं, आणि बैल तर घरात नाहीतच. साडूंनी तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीसुद्धा एक वाईट रंगलेली काचपट्टी आहे.

दोघं दादांच्या घरी पोचलो तर दारात गाडी उभी होती, चुन्याच्या पाण्याकडं निघालेली. वहिनी पाण्याची बाटली भरत होत्या. साडू सरळ आत गेले, दादांच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं आणि टाचा बघितल्या. भेगांत बोट जाईल अशी स्थिती. मग त्यांनी विचारलं, "दादा, बैल कुणाचा धुतला?"

"आवं डॉक्टर, बैल कुठं ऱ्हायलेत आता आमच्यात?" वहिनी म्हणाल्या.

"मी तुमचा न्हाई म्हनलो, वहिनी. कुणाचा, म्हनलो."

दादांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. पुतण्या गाडीवाल्याला थांब म्हणून सांगायला गेला. वहिनींच्या हातातली बाटली तशीच राहिली. आयुष्यभर माणसांना गप्प बसवणारे साडू खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, तुमचं रगत मला जे काय सांगायचं ते सांगून मोकळं झालं. पन रगताला डोळे नसतेत. ते कुठं गेलतं, ते तुमीच सांगावं लागंल. न्हाई सांगितलं तर मला पुढं काय बी दिसंना."

मग भिंतीकडंच तोंड ठेवून दादा म्हणाले, "चांद्याचा."

ट्रॅक्टरचं सामान आणायला बीडला जातो असं सांगून ते खांदेमळणीच्या दिवशी लिंबागणेशला उतरले होते. तिथून चालत त्या गावी. घरातली तूप-हळद तंबाखूच्या डबीत लपवून नेलेली. चांद्याला त्यांनी स्वतः तळ्यात नेलं, दुपारभर पाण्यात उभं राहून घासून काढलं. "वळखलं मला त्यानं. मान टाकली खांद्यावर," दादा म्हणाले. "कानात आवतण दिलं, डॉक्टर. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. म्हनलो खरं. पन जेवायला बोलवू कुठं? दावण दुसऱ्याची." एवढं बोलून तो तालीमबाज माणूस लहान पोरासारखा हमसून रडला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादांना रडताना मी आजवर पाहिलं नव्हतं.

साडू मात्र चष्मा पुसता पुसता विचारत होते, "तळ्याचं पानी वाहतं होतं का साचलेलं? जनावरं लई होती का? पायात काय न्हवतंच ना?" पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की चष्मा केव्हाच कोरडा झालाय आणि ते पुसतच आहेत. त्यांनी तरुण डॉक्टरला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं, म्हणाला, मग वाट बघायची नाही, औषध लगेच सुरू करतो, आणि तिथून तडक बीडला. चुन्याच्या पाण्याकडं निघालेली गाडीच दादांना घेऊन डॉक्टरकडं आणि पुढं बीडला गेली. लघवी तोवर अगदी कमी झाली होती. मूत्रपिंडं थकत चाललीत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा वहिनींनी मला विचारलं, "कावून लपवलं असंल हो यांनी? आमी काय हसलो असतो?"

ते दिवस फार वाईट गेले. साडू लॅब बंद करून रोज बीडला यायचे, दादांचा रक्ताचा थेंब मागून घ्यायचे आणि वडवणीला परत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. मग वहिनींना फोन. "आज पत्रीवाले कमी झालेत." दुसऱ्या दिवशी, "प्लेटलेटची जत्रा भराया लागलीय." वहिनींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या त्याच आवाजाची वाट बघत बसायच्या. लघवी वाढली, डोळ्यांतला पिवळेपणा उतरला, आणि पुन्हा केलेल्या तपासणीत साडूंनी सांगितलेलाच ताप निघाला. दादा घरी आले, काठीच्या आधारानं का होईना, पण चालत आले.

साडूंचं कुतूहल तिथं शमलं असतं तर ते साडू कसले. काही जनावरं हा जंतू अंगात बाळगतात आणि स्वतः आजारी पडत नाहीत. तेव्हा चांद्या कसा आहे? ते जनावरांच्या डॉक्टरला, दादांना आणि मला घेऊन त्या गावी गेले. बैलाला साडू इतके भितात हे मला तेव्हा समजलं. रक्त काढून होईपर्यंत ते दादांच्या पाठीमागं उभे होते आणि तिथूनच सूचना देत होते. तपासायचं ते जनावरांच्या डॉक्टरनं नेलं, पण एक थेंब साडूंनी काचपट्टीवर पसरून घेतला. कशाला, असं मी विचारलं. "बैलाचं रगत मी कुठं बगितलंय अजून?" चांद्याचं औषधपाणी झालं, आणि पुढच्या पोळ्याला दादा उघड उघड गेले, साडूंनी दिलेले रबरी बूट घालून. चांद्याला काठावर मोटारीच्या पाण्यानं धुतलं, वहिनींनी पुरणपोळी नेली, आणि चांद्याचा मालक म्हणाला, "आवतण तुमी द्या, जेवण आमच्याकडं. एकच घर हाय आता." दादांनी त्या दिवशी साडूंना ढेकूण म्हटलं नाही. दुसरं काही म्हटलं असंही नाही.

यंदा उन्हाळ्यात चांद्या गेला. वय झालं होतं, बसला तो उठला नाही. दादा जाऊन मूठमाती देऊन आले आणि त्याबद्दल घरात काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

खांदेमळणीच्या दिवशी मी सहज लॅबमध्ये बसलो होतो. साडू बाजारातून आलेले, पायात ते बूट, कुणीच ऐकत नाही म्हणून वैतागलेले. तेवढ्यात दारात दादा. स्वतःहून त्या लॅबची पायरी ते पहिल्यांदाच चढले होते. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "डॉक्टर, चांद्याची ती काच हाय का अजून?"

साडू उठले. कपाटातून लाकडी पेटी काढली. चांद्याची काचपट्टी दादांच्या काचपट्टीला लागून ठेवलेली होती. त्यांनी शेला बाजूला केला, ती मायक्रोस्कोपवर चढवली, नीट दिसेपर्यंत चाक फिरवलं. मग स्टुलावरून उठून बाजूला झाले. इतक्या वर्षांत मला एकदाही न मिळालेली ती जागा होती. दादा बसले, वाकले, एक डोळा मिटला.

"हे गोल गोल?"

एरवी मंगलाष्टकातसुद्धा गप्प न राहणारे साडू एवढंच म्हणाले, "हां. त्योच."

दादा कितीतरी वेळ तसेच वाकून बघत राहिले. मग काचेजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

साडू भिंतीकडं वळले आणि मी ऐकीव काढलेल्या त्या पत्रीच्या चित्राकडं बघत उभे राहिले. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण त्यांनी दादांना उठा म्हटलं नाही.